डबल ग्लासच्या खिडक्या-दारं बिघडली? दुरुस्तीत या चुका टाळा

डबल ग्लासच्या, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून दोन काचा जोडलेल्या, खिडकीत काही बिघडलं की पहिलं खापर काचेवर फुटतं. पाणी आत आलं तरी काच खराब, दार घासलं तरी काच जड आणि आवाज आला तर काच बोगस. मग कुणीतरी काच बदलून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. मुंबई-पुण्यातल्या यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्यांचं दुरुस्तीचं काम करताना मी दोनच गोष्टी आधी तपासतो: पाण्याला बाहेर जायला वाट आहे का आणि काचेचं वजन योग्य जागी पडतंय का. बहुतेक दोष या दोहोंतच सापडतात.

पाण्याची भोकं बुजवणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं, म्हणून ती आधी सांगतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते येऊ नये अशी तिची रचनाच नसते. आलेलं पाणी ट्रॅकमधल्या लांबट भोकांतून चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून जातं. बाहेरच्या भोकांवर छोटी प्लॅस्टिकची टोपी असते. सोसायटीचं बाहेरून रंगकाम झालं की या टोप्या रंगाने चिकटतात, किंवा प्लास्टरचं सिमेंट आत जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे पाणी आत येतंय म्हणून कुणीतरी हीच भोकं सिलिकॉनने भरून टाकतो. आता ट्रॅकचा हौद झाला. पहिल्याच जोराच्या सरीत तो भरतो आणि पाणी बैठकीत उतरतं.

कोरड्या दिवशी एक सोपी चाचणी करा. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर नजर ठेवा. पाणी बाहेरच्या भोकातून वाहू लागलं तर वाट मोकळी आहे. ट्रॅकमध्येच साचून राहिलं तर भोकं बुजलेली आहेत. पाणी ट्रॅकमधून गायब झालं पण बाहेर आलंच नाही, तर ते भिंतीत जातंय. अशा वेळी चौकट भिंतीला बसवताना ट्रॅकमधून मारलेले स्क्रू बघा, त्यांची डोकी बंद केलेली नसतात. चौकटीचे खालचे दोन्ही कोपरेही तपासा. खिडकीखालच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर बहुधा कारण हेच असतं.

भोकं साफ करायला बारीक तार आणि व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. तार घुसवताना ताकद लावू नका. पाण्याच्या वाटेशेजारच्या पोकळीत लोखंडी मजबुतीकरणाची पट्टी असते, तार तिथवर घुसून तिच्यावरचा जस्ताचा थर खरवडला तर तिथे गंज धरतो.

झड सुरू असताना ट्रॅकमध्ये थोडं पाणी उभं राहिलं तर लगेच घाबरू नका. ताशी ७० किलोमीटरचा वारा समोरून आदळतो तेव्हा त्याचा दाब साधारण दोन-सव्वादोन सेंटिमीटर उंचीचं पाणी अडवून धरतो. वारा पडला की ते आपोआप निघून जातं. म्हणूनच ट्रॅकची आतली कड पुरेशी उंच असावी लागते. ती कडच बुटकी असेल तर कितीही सिलिकॉन फासा, उपयोग नाही. वरच्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड असलेल्या बाजूला असा ट्रॅक बसवणं ही मुळातलीच चूक, आणि ती बिल्डरकडे स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.

चुकीचं सिलिकॉन, चुकीची जागा

चौकट आणि भिंत यांच्यातली फट पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भरतात. फोम फट भरतो, पण पाणी थांबवत नाही, आणि उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुसभुशीत होतो. त्यावर बाहेरून सीलंट हवंच. दुकानात मागाल तेव्हा न्यूट्रल सिलिकॉन मागा. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते आम्लधर्मी सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण धातूचे भाग गंजवतं आणि डबल ग्लासच्या कडेच्या सीलला बाधतं. जुन्या सिलिकॉनवर नवा थर चढवणं हा तर निव्वळ पैशाचा अपव्यय, कारण तो धरतच नाही. जुनं कापून काढा, जागा कोरडी आणि धूळमुक्त करा, मगच नवं लावा. भर पावसाळ्यात ओल्या भिंतीवर हे काम करून घेऊ नका. एप्रिल-मे हेच त्याचे महिने.

काचेवरचं धुकं ओळखता न येणं

धुकं कुठल्या बाजूला आहे ते आधी बोटाने पुसून बघा. खोलीच्या बाजूने पुसलं जात असेल तर घरातली हवा दमट आहे, काचेचा दोष नाही. बंद खोलीत चारजण झोपले, कपडे आत वाळत घातले की नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी काचेवर पाणी दिसतं. खिडकी थोडा वेळ उघडा. बाहेरच्या बाजूने पुसलं जात असेल तर पावसाळ्यात एसीचा झोत थेट काचेवर पडतोय का ते बघा. कडांना ओल आधी दिसते, कारण दोन काचांमधली ॲल्युमिनियमची पट्टी तिथे गारवा पुढे नेते.

दोन्हीकडून पुसूनही धुकं तसंच राहिलं तर मात्र काचेचं सील गेलं. दोन काचांमधल्या त्या पोकळ पट्टीत, म्हणजे स्पेसरमध्ये, ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. सील फाटलं की दमट हवा आत शिरते, दाणे ओल पितात, आणि त्यांची क्षमता संपली की धुकं दिसू लागतं. सुरुवातीला ते फक्त सकाळी असतं, दुपारपर्यंत जातं, म्हणून लोक चालढकल करतात. पुढे काचेच्या आतल्या बाजूला पांढरे डाग बसतात, ते कशानेही निघत नाहीत. काचेला भोक पाडून ओल काढून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. सील फाटलेलंच राहतं आणि दाणे संपलेलेच असतात. शिवाय टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेला भोक पाडायला गेलात तर अख्ख्या काचेचा चुरा होईल.

यावर उपाय एकच, काच बदलणं. पण फक्त काच, चौकट किंवा पल्ला (काच बसवलेला उघडता-सरकता भाग) नाही. पूर्ण खिडकी बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारा.

काच बदलताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र हमखास राहून जाते. सील का फाटलं? काच पल्ल्याच्या खाचेत बसते आणि त्या खाचेलाही पाणी जायला भोकं असतात. ती बुजली की काचेची खालची कड महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहते आणि सील सुटतं. जुनी काच काढल्यावर खाचेत काळपट गाळ दिसला तर कारण सापडलं. ती खाच साफ न करता नवी काच बसवली तर तीही त्याच वाटेने जाणार. काच थेट तळावर टेकवायची नसते, प्लॅस्टिकच्या छोट्या ठोकळ्यांवर, म्हणजे पॅकरवर, बसवायची असते, म्हणजे कड पाण्याच्या वर राहते.

माप घेताना दिसणारी काच मोजू नका, खाचेतला भागही धरावा लागतो. एकूण जाडीही तीच हवी. ६ मिलिमीटर काच, १२ मिलिमीटर पोकळी आणि पुन्हा ६ मिलिमीटर काच म्हणजे २४ मिलिमीटर. त्या जागी २० मिलिमीटरची बसवली तर बीडिंग (काच दाबून धरणाऱ्या पट्ट्या) सैल पडतं, काच वाऱ्यात खडखडते आणि पाणीही आत घेते. लो-ई काच (उष्णता परतवणारा लेप असलेली) असेल तर लेपाची बाजूही जपा. आपल्या उष्ण हवेत तो लेप सहसा बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असतो. रात्री काचेसमोर पेटती काडी धरली की चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं वेगळ्या रंगाचं लेपाच्या पृष्ठभागाचं. मिस्त्री निघून जाण्याआधी हे तपासून घ्या.

घासणाऱ्या दाराला रंधा मारणं

सुताराची सवय अशी की दार अडलं की घासायचं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, यूपीव्हीसी फुगत नाही. ते उष्णतेने मात्र वाढतं: दोन मीटर लांबीला २५ अंशांच्या फरकात साधारण साडेतीन मिलिमीटर. पश्चिमेचं दार मे महिन्याच्या दुपारी अडत असेल आणि रात्री सुरळीत चालत असेल तर कारण हे आहे. बिजागरीतला स्क्रू एलन कीने (षटकोनी चावीने) अर्धा-एक फेरा फिरवून फट वाढवा. दार घासलंत तर आतली पोकळी उघडी पडेल आणि दार वाया जाईल.

दिवसभर, बाराही महिने दार खालून घासत असेल तर ते वजनाने खाली बसलंय. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरा. ९० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर १० सेंटिमीटर उंच दारात ६ मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे नुसती काचच सुमारे ५७ किलो. हे ओझं प्लॅस्टिकच्या चौकटीने पेलायचं नसतं. काच स्वतःच चौकटीला तिरका आधार देते: एक पॅकर बिजागरीच्या बाजूला तळाशी, दुसरा कडीच्या बाजूला वर. घाईत बसवणारे हे पॅकर वाटेल तिथे टाकतात, मग कडीकडचा कोपरा लोंबतो. बीडिंग काढून पॅकर नीट बसवले की दार उचललं जातं. बिजागऱ्या बदलायची गरज बहुतेकदा पडत नाही. बीडिंग काढताना आधी लांब पट्टी मधोमध सैल करून काढा, लावताना आधी आखूड पट्ट्या लावा, आणि कुठली पट्टी कुठली ते पेन्सिलने लिहून ठेवा.

हँडल जड जात असेल तर दार उघडं ठेवून फिरवून बघा. उघड्या दारात ते सहज फिरलं तर कुलूप ठीक आहे, दार आणि चौकट एका रेषेत नाहीत. जोर लावून फिरवत राहिलात तर आतला गिअरबॉक्स तुटेल आणि मगच खरा खर्च सुरू होईल.

तेल, थिनर, ॲसिड

ट्रॅकमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. धूळ धरून त्याचा चिखल होतो आणि रोलर जाम होतात. खनिज तेलाने खिडकीच्या कडांना बसवलेलं ईपीडीएम जातीचं रबर फुगून बिघडतं. रबरावर सिलिकॉन स्प्रे पुरेसा. चौकट साबणाच्या पाण्याने पुसा. थिनरने पृष्ठभाग कायमचा खराब होतो, आणि फरशीसाठीचं ॲसिड कड्या-बिजागऱ्या खातं. कोकणपट्टीत खारी हवा तेच काम संथपणे करते, म्हणून कड्या अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा. नवी खिडकी बसली की चौकटीवरची संरक्षक फिल्म लगेच काढा. उन्हात तिचा गोंद भाजून बसतो.

एकट्याने पल्ला उचलणं

रोलरची उंची वाढवायला पल्ला काढावा लागत नाही. पल्ल्याच्या खालच्या टोकांना छोटं बूच असतं, त्याखालचा स्क्रू फिरवायचा. कुणाला तरी पल्ला थोडा उचलून धरायला सांगा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजेल. रोलर बदलायचाच असेल तर दोन माणसं लागतात. पल्ला परत बसवल्यावर वरचा अँटी-लिफ्ट ब्लॉक लावायला विसरू नका. तो नसेल तर पल्ला वाऱ्याने उचलला जाऊन बाहेर पडू शकतो, आणि खाली रस्त्यावर माणसं असतात. बाहेरच्या बाजूचा पल्ला उंच मजल्यावर स्वतः काढायला जाऊच नका.

सुटे भाग मागवताना नुसतं 'रोलर' किंवा 'हँडल' म्हणून चालत नाही, प्रत्येक प्रोफाइलचे (चौकटीच्या साच्याचे) वेगळे असतात. जुना भाग काढून सोबत न्या, स्क्रूंमधलं अंतर मोजा, आणि बऱ्याच काचांच्या स्पेसरवर छापलेलं कंपनीचं नाव व तारीख यांचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर काहीही उघडण्याआधी बसवणाऱ्याला लेखी कळवा.