घरच्यांना रंगवताना गोष्ट तोंडात ठेवू नका

इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा झाली, हात बसला, आता घरातल्या माणसांची गमतीदार चित्रं काढायचीत, असं इथली बरीच पोरं सांगतात. काढा. पण मी चार वर्षं ज्यात अडकलो, ते आधी ऐका.

माझं पहिलं मोठं चित्र चतुर्थीच्या आरतीचं. वर माटवी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळापानांची चौकट, सगळे टाळ्या वाजवतायत आणि काका खांबाला टेकून घोरतोय. पोट फुगवलं, तोंड उघडं ठेवलं. शेजारी उभा राहून मी किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसायचे. प्रदर्शनात मी चहाला गेलो की त्यापुढे कुणी थांबत नव्हतं. आजीने एकदाच बघितलं नि विचारलं, "तो निजलो कित्याक, ता खंय दिसता?" म्हणजे तो का झोपला, ते कुठे दिसतं?

काका रात्रभर कुडाळ स्टेशनवरून चाकरमान्यांना आणत होता. ते कॅनव्हासवर कुठेच नव्हतं.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून गाऊन कथा सांगणारा माणूस असतो. आपलं चित्र भिंतीवर एकटं लटकतं. बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांचं १९८१ चं 'यू कान्ट प्लीज ऑल' बघा. बाप, मुलगा आणि गाढवाची आपल्याला पाठ असलेली गोष्ट एकाच चित्रात जागोजागी घडते आणि ती बघणारा माणूसही गच्चीत उभा आहे. खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, तेव्हा चित्रकलेची डिग्री नाही म्हणून रडू नका.

मी आरती पुन्हा रंगवली. पोट होतं तेवढंच. गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, मुठीत अजून चालू असलेली बॅटरी, पडवीत परक्या बॅगांचा ढीग. हसू तेच आलं, पण लोक थांबले.

चित्र अनोळखी माणसापुढे ठेवा आणि दहा मिनिटं खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसा. परत आल्यावर त्याला काय दिसलं ते विचारा, समजावू नका. फोटो प्रोजेक्टरवर टाकून गिरवणं तर बंदच करा, त्यात माणसं नुसती फोटोला उभी राहतात. आणि जो गुरू तुमच्या कॅनव्हासवर स्वतःचा ब्रश चालवतो त्याच्याकडून लवकर निघा. माझं एक वर्ष तिथे गेलं.

पहिली पाच-सहा चित्रं फसतील, घाबरू नका. घरचे रुसतात, पण चवथीपर्यंत बोलायला लागतात.

नवं चित्र पडवीत लावलंय. काका येता-जाता त्यातल्या बॅगा मोजतो आणि कुठली कुणाची ते सांगतो.