वृद्ध सराईत आरोपीच्या शिक्षेबाबत न्यायालयापुढे काय मांडावे

चोरी-घरफोडीत वारंवार शिक्षा भोगलेला माणूस साठी उलटल्यावर पुन्हा दोषी ठरला, तर जुन्या शिक्षांची यादी वाचूनच त्याला दीर्घ कारावास ठोठावला जाण्याची भीती असते. भारतीय न्याय संहितेचे कलम 13 मालमत्तेविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत अशा आरोपीला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास देण्याची मुभा देते. मात्र किमान शिक्षा ते सांगत नाही, आणि युक्तिवादाची सुरुवात इथूनच करावी.

दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे, हे सत्र न्यायालयाचे कर्तव्य आहे. 'आरोपी वृद्ध आहे, दया दाखवावी' एवढ्यावर ही सुनावणी आटोपू देऊ नये. वयाचा दाखला, सरकारी रुग्णालयाचे कागद आणि सुटकेनंतर सांभाळणाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. जुन्या प्रत्येक गुन्ह्याची तारीख लिहून मधली गुन्हेविरहित वर्षे दाखवावीत. बासष्टाव्या वर्षी दिलेली दहा वर्षे बहात्तराव्या वर्षी संपतात. तेवढ्या काळात समाजाचा कोणता धोका टळणार आहे, याचे उत्तर सरकार पक्षाकडे मागावे. शस्त्र चालवून माणसे जखमी करणाऱ्याला मात्र केवळ वयाची ढाल मिळू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत घातक चूक निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते. आधीची शिक्षा भोगत असलेल्याला नवी शिक्षा झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 467 नुसार ती सामान्यतः आधीची संपल्यावरच सुरू होते. दोन्ही एकत्रितपणे, म्हणजे एकाच वेळी, भोगावयाच्या असतील, तर न्यायालयाने तसे स्पष्ट म्हणावे लागते. उत्तर प्रदेशात वीजसाहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत एका कैद्याला प्रत्येकी दोन वर्षे झाली आणि हा आदेश नसल्यामुळे त्यांची अठरा वर्षे झाली. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्रित केल्या. हलक्या गुन्ह्यांची अशी बेरीज मला सरळसरळ अन्याय वाटते. म्हणून ही विनंती लेखी अर्जाने, निकालाच्या दिवशीच करावी. दंड न भरल्याबद्दलची कैद मात्र एकत्रित होत नाही, त्यामुळे दंडाची रक्कम झेपेल एवढीच असावी, अशीही मागणी त्याच अर्जात घालावी.

कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस कलम 468 नुसार वजा होतात. तुरुंगात सुटकेची तारीख न्यायालयाने तिथे पाठवलेल्या शिक्षेच्या वॉरंटवरून काढली जाते, म्हणून ते दिवस आणि 'एकत्रितपणे' हा शब्द त्यावर आला आहे की नाही, हे प्रत घेऊन तपासावे. वकील परवडत नसेल, तर कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.