नाशिकमध्ये ‘रोड’ म्हणजे नेमकं कुठे?

जळगाव-धुळ्याकडून सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला येणाऱ्या आपल्या पोरांनो, खोली बघायच्या आधी समोरचा ‘रोड’ कशाला म्हणतोय ते नीट विचारून घ्या. मीही तिकडचाच, आता इथलाच झालोय, म्हणून कळकळीने सांगतो.

कुणी नुसतं ‘रोडला राहतो’ म्हणालं, तर तो नाशिकरोडचा. रेल्वे गावापासून लांबून गेली, की जिथे उतरून पुढे रस्त्याने जायचं त्या स्टेशनच्या नावाला ‘रोड’ जोडायची इंग्रजांची पद्धत होती. डहाणू रोड, आबू रोड ही त्याच पठडीतली नावं. इथे मात्र स्टेशनभोवती शहरच उभं राहिलं. नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेस आल्या, कामगारांची वस्ती वाढली. १९८२ साली महापालिका होईपर्यंत नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळीच होती. म्हणून तिथले जुने लोक मूळ शहरातल्या शालिमार चौकात यायला निघाले, तरी ‘नाशिकला जातो’ म्हणतात.

तेव्हा ‘स्टेशनजवळ स्वस्त खोली’ ऐकून लगेच डिपॉझिट भरू नका. काम सातपूरला असेल, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर फार हाल होतात. सातपूरवाल्यांनी अशोकनगर, श्रमिकनगर बघावं, अंबडवाल्यांनी सिडको. कागदोपत्री सिडकोला ‘नवीन नाशिक’ लिहितात, गोंधळू नका.

कॉलेज रोड, गंगापूर रोड हे रस्ते आहेत तसेच भागही. दोन गल्ल्या आतली इमारतही एजंट ‘कॉलेज रोड’ म्हणूनच दाखवतो आणि भाडंही तसंच सांगतो. जवळचा चौक विचारा. त्र्यंबक रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड तर शहर सोडून पार पुढच्या गावांपर्यंत जातात. मुलाखतीच्या पत्त्यात एवढंच असेल, तर फोन करून खूण विचारा.

सगळ्यात जपायचं ते ‘डीपी रोड’ला. चार पैसे साठले, की प्लॉटवाले गाठतातच: ‘डीपी रोड टच आहे, भाव वाढणार.’ डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता. तो नकाशावर असतो, जागेवर कदाचित अजून द्राक्षबाग असते. कधी तो तुमच्याच प्लॉटमधून जाणारा निघतो. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (आराखड्यात ती जमीन कशासाठी दाखवलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या जागेचा नकाशा) काढा, जागेवर जाऊन ताडून बघा. इसाराचे पैसे त्यानंतरच द्या.