आजीचा मधाचा केक बिघडतो कुठे? लेकाख करताना या चुका टाळा

रोश हशना, म्हणजे ज्यू नववर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं आणि दरवर्षी त्या आठवड्यात तेच रडगाणं सुरू होतं. केक मधोमध खचला, वरून करपला, आत चिकट राहिला, 'आमच्या आजीच्या हातचा असा नव्हता.' नव्हताच! आजी तो तीन दिवस आधी करून ठेवायची आणि तिचा ग्लास तुमच्या कपापेक्षा लहान होता. निम्मे बिघाड या दोनच गोष्टींतून निघतात.

लेकाख हा पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यू घरांतला मधाचा, मसाल्याचा, गडद तपकिरी केक. 23×13 सेंमीच्या एका लोफ टिनसाठी प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, मध 250 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, वास नसलेलं तेल 120 मिलि, अंडी 3, गार केलेला कडक कोरा चहा 180 मिलि, खायचा सोडा 1 लहान चमचा, बेकिंग पावडर 1 लहान चमचा, दालचिनी पूड दीड लहान चमचा, सुंठ अर्धा, लवंग पूड पाव, मीठ अर्धा. टिन निम्म्याच्या जरा वर भरतो. दोनतृतीयांशाच्या वर भरला तर ओव्हन घासायची तयारी ठेवा.

आता तो ग्लास. अश्केनाझी घरात माणूस गेल्याच्या वार्षिक तिथीला, यार्टसाइटला, काचेच्या ग्लासात भरलेली 24 तास जळणारी मेणबत्ती लावतात. मेण संपलं की ग्लास उकळत्या पाण्यानं धुऊन स्वयंपाकघरात येतो आणि पुढची कित्येक वर्षं तेच घरातलं माप होतं. शिवाय 'अर्धं अंड्याचं कवच' हेही माप असतं, साधारण दीड मोठा चमचा. 'मैदा मावेल तेवढा' हे तिसरं. यिडिश भाषेत या पद्धतीला नावच आहे, 'शिट अराइन', म्हणजे 'ओत आत'. आपण अंदाजपंचे म्हणतो तेच, फक्त अंदाज चाळीस वर्षांच्या सरावाचा.

एका घरी आजीच्या वहीत लिहिलं होतं: मध 1 ग्लास, साखर 1 ग्लास, मैदा मावेल तेवढा. नातीनं ग्लास म्हणजे 240 मिलिचा कप धरला. मैदा 'मावेल तेवढा' म्हणजे किती ते कळेना, म्हणून दुसऱ्या कुठल्याशा पाककृतीतून 300 ग्रॅम उचलला. केक ओव्हनमध्ये झकास फुगला, चाळिसाव्या मिनिटाला मधोमध खड्डा, आणि वड्या पाडल्या तर खाली दोन बोटं चिकट थर. तिला वाटलं सोडा कमी पडला. पुढच्या वेळी सोडा दुप्पट, खड्डा आणखी खोल, वर साबणासारखी चव. तिसऱ्यांदा ओव्हनलाच दोष. शेवटी कुणीतरी आजीचा ग्लास काट्यावर ठेवून पाण्यानं भरला. 180 मिलि. मध हा पाण्याच्या साधारण 1.4 पट जड, म्हणजे आजीचा मध 250 ग्रॅम आणि नातीचा जवळजवळ 340. साखरही 50 ग्रॅम जास्त. साखर वाढली की अंडं घट्ट व्हायला आणि मैद्यातला स्टार्च फुलायला जास्त उष्णता लागते. वायूनं केक वर उचलला जातो, पण भिंती पक्क्या व्हायच्या आत छप्पर खाली येतं. जादा सोड्यानं तो फक्त जास्त उंचीवरून पडतो.

तेव्हा ग्लास हाती असेल तर पाणी भरून वजन करा. ग्लास फुटला असेल पण आजी असेल, तर तिला मोजायला लावू नका, ती वैतागेल. मैद्याचा डबा, मधाची बाटली, तेलाची बाटली आधी काट्यावर ठेवून आकडा टिपा, तिला तिच्या पद्धतीनं करू द्या, नंतर पुन्हा वजन करा. वजाबाकी म्हणजे तुमची पाककृती.

दुसरी चूक, जी पाहून खरंच डोकं फिरतं: तेलाऐवजी लोणी. 'चव छान येते हो!' येत असेल. पण सणाच्या जेवणात मांस असतं, आणि कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, घरात मांसाबरोबर किंवा मांसानंतर दूध-लोणी चालत नाही. कित्येक घरांत मांसानंतर सहा तास थांबतात. हा केक मुद्दाम 'पार्वे' आहे, ना दुधाचा ना मांसाचा, म्हणून तेल आणि कोरा चहा. लोणी घातलंत तर केक ताटावर नुसता बघायला. मार्गारीन वापरणाऱ्यांनी लेबल वाचावं, काहींत दुधाचा अंश असतो. टिनही मांसाचा किंवा दुधाचा नको, पार्वेचा वेगळा ठेवा. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत रोश हशनाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तो नारळाच्या दुधात. त्यामागेही हाच हिशेब आहे, म्हणून मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला लागू नये.

अंडी एकेक करून काचेच्या वाटीत फोडा. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं बाद. थेट भांड्यात फोडणारा तिसऱ्या अंड्याला सगळं मिश्रण फेकतो.

चहा गारच हवा, नाहीतर अंड्याची भुर्जी. मध दाणेदार झाला असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पूर्व युरोपात बकव्हीटचा काळसर मध वापरत. महाराष्ट्रात करणार असाल तर महाबळेश्वरचा जांभळाचा मध त्याच्या जवळ जातो, कडसर झाक असलेला. फिकट मध घातला तर केक नुसता गोड लागतो. तेल मोजलेल्याच भांड्यात मध मोजा, सुळकन निघतो.

सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळा, गुठळी राहिली तर कडू डाग येतो. मैदा पडल्यावर फेटू नका, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मिश्रण पातळ वाटतं, तसंच असतं, 'जरा घट्ट करू' म्हणून मूठभर मैदा टाकणाऱ्यांनीच वीट होते अशी तक्रार करावी. मध आंबट असल्यामुळे सोडा भांड्यातच कामाला लागतो, म्हणून ओव्हन आधी तापवा आणि दहा मिनिटांत टिन आत.

ओव्हन 160 अंश, 60 ते 70 मिनिटं. 180 वर लवकर होईल हा हिशेब इथे चालत नाही. मधातलं फ्रुक्टोज साखरेच्या आधी रंग धरतं, त्यामुळे वरून काळा आणि आतून कच्चा. छोट्या ओटीजीत वरची सळई अगदी जवळ असते. टिन खालच्या फळीवर ठेवा, 40 मिनिटांनी वर फॉइल सैलसर झाका. पहिली 35 मिनिटं दार उघडायचं नाही. काडी मध्यभागी घालून बघा, कडेला घालून स्वतःची समजूत काढू नका.

रोश हशनाला पुष्कळ अश्केनाझी घरांत कठीण कवचाचा मेवा, विशेषतः अक्रोड, टाळतात. हिब्रू 'एगोझ' म्हणजे अक्रोड, हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो, त्या हिशेबानं त्याच्या अक्षरांची बेरीज 17, आणि पापासाठी असलेल्या 'खेत' शब्दाची, मुका आलेफ सोडला तर, तेवढीच. सजावटीला अक्रोड लावण्याआधी यजमानांना विचारा.

आणि उतावळेपणा. पी हळद अन् हो गोरी, तसं ओव्हनमधून काढला की कापायचा! पहिल्या दिवशी लेकाख कोरडा लागतो आणि मसाला तोंडात वेगवेगळा येतो. मध हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केक मऊ होतो, तिसऱ्या दिवशी लवंग-दालचिनी मुरते. टिनमध्ये 20 मिनिटं, मग जाळीवर, पूर्ण गार झाल्यावर बटर पेपर आणि त्यावर फॉइल. फ्रिज नको, तिथे कडक होतो. बाहेर चार-पाच दिवस टिकतो, दमट हवेत तीनच धरा. फ्रीझरमध्ये दोन महिने राहतो, मात्र गुंडाळलेलाच बाहेर काढून वितळू द्या, उघडा ठेवलात तर वरचा थर ओला होऊन बोटाला येतो.