शून्य मितीच्या रिंगची रेसिड्यू फील्ड कशी काढायची

बडोद्यात एम.एस्सी.च्या अल्जिब्राची तयारी करायला चौघं मिळून बसलात, तर फळ्यावर आधी व्याख्या लिहा. शून्येतर कम्युटेटिव्ह रिंग र मधलं प्रत्येक प्राइम आयडियल मॅक्सिमल असेल, तर तिची मिती शून्य. प्रत्येक मॅक्सिमल आयडियल म साठी र/म हे एक रेसिड्यू फील्ड.

सुरुवातीला निलपोटंट घटक (ज्यांचा कोणता तरी घात शून्य होतो ते) काढून टाका. ते प्रत्येक प्राइममध्ये असतातच, त्यामुळे फील्डवर परिणाम होत नाही. म्हणून मॉड्युलो ३६० च्या रिंगमध्ये ८ × ९ × ५ मधले घातांक बघायचेच नाहीत; २, ३ आणि ५ घटकांची फील्ड, झालं उत्तर.

बहुपदींत मात्र जपून. परिमेय संख्यांवरच्या दोन चलांच्या रिंगला क्ष^२ − २ आणि य^२ − २ यांनी भागा. ग्रॉबनर बेसिसमध्ये (आयडियलच्या खास निवडलेल्या जनकांत) प्रत्येक चलाचा निव्वळ घात अग्रपद म्हणून आला, की मिती शून्य (किंवा भागाकार ही शून्य रिंगच असते). इथे तो समोरच आहे. दोन्ही बहुपदी अविभाज्य, म्हणजे ४ डिग्रीचं एकच फील्ड, असं लिहिलं की मार्क गेले. चलं एकेक करून घ्या. क्ष जोडल्यावर √२ हाताशी येतं, आणि त्या फील्डवर य^२ − २ चे (य − क्ष)(य + क्ष) असे तुकडे पडतात. म्हणून मॅक्सिमल आयडियल दोन, आणि दोन्हींचं फील्ड √२ जोडलेलं. य^२ − ३ असतं, तर तुकडे पडले नसते. पायाचं फील्ड बदललं तरी उत्तर बदलतं: मॉड्युलो ७ मध्ये ३^२ = २, त्यामुळे ७ घटकांची चार फील्ड मिळतात; मॉड्युलो ५ मध्ये २ हा वर्गच नाही, म्हणून २५ घटकांची दोन.

ताळा असा करा: प्रत्येक म साठी तिथल्या लोकल रिंगची लांबी (आयडियलांच्या सर्वांत लांब साखळीतल्या पायऱ्या) गुणिले फील्डची डिग्री, यांची बेरीज म्हणजे पायाच्या फील्डवरचं डायमेन्शन. (क्ष − १)^३(क्ष^२ − २) साठी ३·१ + १·२ = ५. हा ताळा मूळ रिंगवरच. निलपोटंट काढल्यावर केलात तर ३ येईल.

अनंत गुणाकारांत हा ताळा चालत नाही. तिथली कसोटी: प्रत्येक अ साठी अ^न = अ^(न+१)·ब असे न आणि ब मिळाले पाहिजेत. मग अ हा म मध्ये नसेल, तर र/म मध्ये त्याचा व्यस्त ब हाच, आणि अ^न·ब^न हा आयडेम्पोटंट (स्वतःच्या वर्गाइतकाच). मॉड्युलो २^न च्या सगळ्या रिंगांचा गुणाकार या कसोटीत नापास होतो, कारण (२, २, २, …) साठी एकच न पुरत नाही.

सगळ्या मूळसंख्या प घेऊन प घटकांच्या फील्डांचा गुणाकार पास होतो. पण त्याची रेसिड्यू फील्ड म्हणजे फक्त हे अवयव, असं समजू नका. नॉन-प्रिन्सिपल अल्ट्राफिल्टरमधून (मूळसंख्यांच्या ‘मोठ्या’ संचांची अशी निवड, जिच्यात कोणताही सांत संच मोठा नसतो) कॅरेक्टरिस्टिक ० ची फील्डही निघतात. ती टाळता येतच नाहीत: शून्य मितीत प्रत्येक कॅरेक्टरिस्टिक प चा भाग स्पेकमध्ये (सगळ्या प्राइम आयडियलांच्या अवकाशात) उघडा असतो, आणि असे अनंत, परस्परांना न छेदणारे, रिकामे नसलेले भाग मिळून कॉम्पॅक्ट स्पेक पूर्ण झाकू शकत नाहीत. कॅरेक्टरिस्टिक ० ची फील्ड कमीत कमी हवी असतील, तर याच गुणाकारातले असे क्रम घ्या, जे सांत संख्येच्या जागा सोडून एकाच परिमेय संख्येचे अवशेष आहेत. त्या सबरिंगची रेसिड्यू फील्ड प घटकांची सगळी, शिवाय फक्त परिमेय संख्यांचं एक.