भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये शिकवायची नोकरी कशी शोधायची

"चीनमध्ये इंग्लिश शिकवायला जायचंय, कुठे अप्लाय करू?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, पासपोर्ट कुठला? कारण निम्मं तिथेच ठरतं. चीनने २०१७ मध्ये परदेशी लोकांच्या वर्क परमिटची पद्धत बदलली, ए बी सी अशा तीन कॅटेगरी केल्या, आणि त्यात भाषा शिकवणाऱ्यांसाठी मूळ नियम असा की ज्या देशाची ती मातृभाषा आहे तिथलाच माणूस पाहिजे. इंग्लिशसाठी साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका धरतात. आपण त्यात नाही. तुम्ही एमए इंग्लिश केलेलं असू दे, दहा वर्षं कॉलेजात शिकवलेलं असू दे. मला याचा अजूनही राग येतो, इतकं सुंदर इंग्लिश शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत, पण नियम आहे तो आहे. या देशांपैकी कुठून डिग्री घेतली असेल तर काही शहरांत विचार होतो, पण त्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका.

मग रस्ता कुठला? इंग्लिश शिकवायचं नाही, इंग्लिशमधून शिकवायचं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर. शांघाय, शेनझेन, ग्वांगझोऊ, हांगझोऊ, सूचौ अशा शहरांत केंब्रिज किंवा आयबी असे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा आहेत, मुलांना पुढे परदेशी युनिव्हर्सिटीत जायचं असतं, त्यांना विषयाचे शिक्षक लागतात आणि विषयाच्या शिक्षकाला मातृभाषेची ती अट नाही. साधारण अटी अशा की डिग्री पाहिजे, डिग्रीनंतरचा त्याच कामाचा किमान २ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव पाहिजे, पोलिस रेकॉर्ड साफ, तब्येत ठीक, वय ६० च्या आत. बीएड असेल तर शाळा नक्की खूश होतात. मुंबई पुण्यात आयजीसीएसई (केंब्रिजची दहावी) किंवा आयबीच्या शाळेत दोनतीन वर्षं काढली असतील तर तुमचा अर्ज बराच वर जातो, तेवढा अनुभव नसेल तर आधी इथेच तो मिळवा, खरंच सांगते, घाई करू नका.

आणि घरी बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवायचं जे पूर्वी जोरात होतं ते विसरा. जुलै २०२१ मध्ये सरकारने मुलांवरचा अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून मोठं धोरण आणलं, क्लासेसवाल्यांवर बंधनं आली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवायला बंदी झाली.

शोधायला कधी लागायचं? शाळा १ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, भरती मात्र आधीच्या नोव्हेंबरपासून चालू असते आणि मार्च एप्रिलपर्यंत चांगल्या जागा बऱ्याच भरतात, त्यामुळे दिवाळी झाली की सीव्ही तयार ठेवा. टेस, सर्च असोसिएट्स अशा शिक्षकभरतीच्या साइटवर बघा आणि शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या करिअरच्या पानावरूनही थेट अर्ज करा. पहिल्याच मेलमध्ये राष्ट्रीयत्व स्पष्ट लिहा आणि सरळ विचारा की या पदासाठी भारतीय पासपोर्टवर वर्क परमिट तुम्ही आधी काढलंय का. हो म्हणाले तर पुढे बोला. गोलगोल उत्तर आलं तर सोडून द्या.

इंटरव्ह्यूत १०-१५ मिनिटांचा डेमो मागतात. माझ्या डेमोला विषय होता ऋण संख्या, समोर तीन माणसं, दोघांचे कॅमेरे बंद. मी लिफ्टच्या बटणांचं चित्र काढलं, वर १, २, ३ आणि खाली पार्किंगचे -१, -२, कारण तिथल्या मुलांना ते रोज दिसतं. आणि फळ्याच्या डाव्या बाजूला चार शब्द मोठ्या अक्षरात लिहून ठेवले, मायनस, बिलो, डिफरन्स, देअरफोर, आणि प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात बोलायला लावलं. पुढे तिथल्या विभागप्रमुखांनी सांगितलं की गणित सगळ्यांनाच येत होतं, आम्ही तो डावा कोपरा बघून तुम्हाला घेतलं. म्हणजे बघा, मुलं इंग्लिशमध्ये अडखळणारी असतात, तुम्ही विषयासोबत भाषा कशी सांभाळता हे त्यांना बघायचं असतं. सावकाश बोला, छोटी वाक्यं बोला. परदेशी उच्चाराची नक्कल अजिबात करू नका, आपला स्वच्छ उच्चार पुरतो.

ऑफर आली की शाळेची चौकशी. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला १८ अंकी-अक्षरी कोड असतो, तो मागून घ्या, परवान्याचा फोटो मागा, आणि सध्या शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी एकट्याने बोलायला मिळेल का विचारा. कॉन्ट्रॅक्ट चिनी आणि इंग्लिश दोन्हीत असतं आणि वाद झाला तर बहुतेक वेळा चिनीतलंच धरतात, म्हणून चिनी जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, चारपाच हजार गेले तरी चालतील. आठवड्याला तास किती, शनिवारी बोलावतात का, घरभाडं वेगळं की पगारातच, टॅक्स कापून हातात किती, सुट्टीचा पगार मिळतो का, मधेच सोडलं तर दंड किती, हे सगळं लेखी पाहिजे. युआनचे (चिनी चलनाचे) रुपये करून हिशोब करतात लोक आणि आकडा बघून हरखून जातात, पण शांघायचं भाडं पण युआनमध्येच जातं हे लक्षात ठेवा.

आता कागदपत्रं, आणि इथे मी हात जोडून सांगते की नीट वाचा. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, जो त्या करारातले देश एकमेकांचा मानतात. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करारात आलाय, भारत तर आधीपासून आहेच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की अपोस्टिलचा शिक्का मारला की झालं. नाही! भारताने चीनच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे तो करार या दोन देशांमध्ये लागू नाही. माझ्या डिग्रीवर एका एजंटने बिनधास्त अपोस्टिल करून दिलं, पैसे घेतले, आणि पुढे ते चाललंच नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि सहा आठवडे गेले. आपल्यासाठी जुनाच क्रम आहे, आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन (कागद खरा असल्याची सही शिक्क्याने खातरी), मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग चिनी वकिलातीचं. डिग्री आणि पोलिस क्लिअरन्स दोन्ही वकिलातीपर्यंत न्यावे लागतात. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, पण ते सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी काढून ठेवू नका, डिग्रीचं काम मार्गी लागलं की काढा.

दुसरी अडचण खास आपली, नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि खाली आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर तीन कागदांवर तीन नावं. तिकडच्या ऑफिसात अक्षरन् अक्षर जुळवून बघतात, "कदम स्वाती विजय" आणि "स्वाती विजय कदम" एकच हे त्यांना कोणी सांगायचं? आधीच प्रतिज्ञापत्र करून, त्याचंही अटेस्टेशन लागेल का ते शाळेला विचारून ठेवा. अनुभवाच्या पत्राचंही तसंच, लेटरहेडवर, पद, पूर्णवेळ, तारखा, विषय, सही शिक्का, फोन नंबर, आणि नाव पासपोर्टसारखंच. नुसतं "शी वर्क्ड हिअर सिन्सिअरली" असलेलं पत्र उपयोगाचं नाही.

हे सगळं गेलं की शाळा तिकडून वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर काढते आणि त्यावर इकडे झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, मिळतो. झेडच. कोणी म्हणालं की आता टुरिस्ट किंवा बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देतो, तर फोन ठेवून द्या. बेकायदा काम सापडलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि हे सगळं तुमच्यावर येतं. अशा एका मुलीला मी एअरपोर्टला सोडायला गेले होते, पुन्हा कोणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

तिकडे निरोपांसाठी वीचॅट आणि पैसे द्यायला अलीपे लागतं, पण वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून ही अॅप तिकडे पोचल्यावर टाकून कार्ड जोडून घ्या. व्हॉट्सअॅप, गूगल, जीमेल, यूट्यूब तिकडे बंद आहे, त्यामुळे घरच्यांशी कसं बोलायचं ते निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. सगळ्या कागदांच्या कॉपी फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवा, गूगल ड्राइव्हवर ठेवलेलं तिथे उघडत नाही. थोडे पैसे जास्त लागतील, कारण घर भाड्याने घेताना एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम मागायची पद्धत आहे. शाकाहारी असाल तर "वो छृ सू" (मी शाकाहारी आहे) एवढं पाठ करा, आणि भाजीत चिकन पावडर घालतात, तेही वेगळं सांगावं लागतं. छोटा कुकर आणि गोडा मसाला बॅगेत ठेवाच.

उतरल्यावर हॉटेलात नसाल तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात पत्त्याची नोंद करायची. मग मेडिकल, मग वर्क परमिट, आणि ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. यात पासपोर्ट काही दिवस ऑफिसात राहतो, तेव्हा पावती जपून ठेवा आणि त्या दिवसांत ट्रेनचा प्रवास ठरवू नका. आणि कधी नोकरी सोडलीत तर जुन्या शाळेकडून वर्क परमिट रद्द केल्याचा कागद आणि रिलीज लेटर (शाळेने मोकळं केल्याचं पत्र) हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नका, नवीन शाळा पहिल्या दिवशी तेच दोन कागद मागते.