भाजे आणि कार्ले एका दिवसात: चैत्यगृह पाहण्याची योग्य वेळ आणि रीत

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्याला सकाळी लवकर जावे, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो आणि तो सल्ला चुकीचा आहे. मीही तो ऐकून पहिल्या तीन खेपांना सकाळी नऊच्या सुमारास वर पोहोचलो होतो आणि तिन्ही वेळा अर्धवट काळोखात खांबांवरून नजर फिरवून दहा मिनिटांत बाहेर आलो. चौथ्या खेपेला लोकल चुकल्यामुळे वर पोहोचायला दुपारचे साडेतीन वाजले आणि ज्या वास्तूला मी तोवर केवळ मोठी गुहा समजत होतो, ती त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून माझा क्रम बदललेला नाही: सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले.

पुण्याहून येणाऱ्यांनी लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. मुंबईकरांनी लोणावळ्यापर्यंत एक्सप्रेसने येऊन तिथून लोकल किंवा रिक्षा घ्यावी. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असल्याने सकाळची गाडी चुकवू नये. रविवार, नवरात्र आणि चैत्रातील यात्रा टाळावी, कारण कार्ल्याच्या लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचे मंदिर आहे आणि त्या दिवसांत पायऱ्यांवर पहिला हक्क दर्शनाला आलेल्या भाविकांचा असतो. पावसाळ्यात डोंगर देखणा असला तरी सुट्टीच्या दिवशी भाज्याच्या धबधब्याखाली उसळणारी गर्दी लेणी शांतपणे पाहू देत नाही.

मळवलीहून भाजे गावापर्यंत चालत जावे आणि पायऱ्या चढाव्यात. इथे अवघड काही नाही.

भाज्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले आहे. कार्ल्याप्रमाणे त्याचेही तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागे असतो, मग ते सकाळी का पाहावे? कारण त्याच्या दर्शनी भागाचा मूळचा लाकडी पडदा कधीच नष्ट झाला असून पिंपळपानाच्या आकाराची अख्खी कमान उघडी पडलेली आहे, त्यामुळे आतला स्तूप आणि २७ अष्टकोनी खांब कोणत्याही वेळी स्वच्छ दिसतात. खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरके देत असत. अखंड कातळात त्याची काही गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताची सवय सोडली नाही. छताला खऱ्या लाकडाचे वासे आहेत आणि त्यांतल्या काहींवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतील अक्षरे सापडली आहेत. पुढे दक्षिणेकडे एकत्र उभे असलेले १४ स्तूप आणि त्याच बाजूच्या विहारातील (भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यातील), सूर्य आणि इंद्र मानली जाणारी शिल्पे पाहिल्याशिवाय उतरू नये.

भाज्याहून कार्ले सात-आठ किलोमीटर आहे. रिक्षा ठरवावी, कार्ला फाट्यावर जेवून घ्यावे आणि सुमारे साडेतीनशे पायऱ्या संथपणे चढून तीन-साडेतीनला वर पोहोचावे.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांची भेट वाया जाते, त्याविषयी. कार्ल्याच्या दर्शनी भागात दगडी पडदा आहे, मग व्हरांडा, मग दारांची भिंत आणि त्या भिंतीवर मोठे चैत्यगवाक्ष, म्हणजे कमानदार खिडकी. आतल्या सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद दालनाला उजेड मिळतो तो मुख्यतः या गवाक्षातून. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो, तेव्हा तिथून येणारा उजेड फिका असतो. दुपार कलली की तोच उजेड खोल आत शिरतो आणि स्तूपावरच्या लाकडी छत्रापर्यंत पोहोचतो. परंतु योग्य वेळी गेलेला माणूसही एक चूक करतो, आणि ती मी स्वतः अनेकदा केली आहे: उन्हातून थेट आत शिरायचे, काही दिसत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च लावायचा, आणि मग टॉर्चच्या वर्तुळाबाहेरचे सगळे आणखी काळे करून घ्यायचे. टॉर्च लावू नका. आधी व्हरांड्यात दहा मिनिटे सावलीत थांबा. बाजूच्या भिंतींमधले हत्ती पाहा, दारांलगतची मिथुन शिल्पे, म्हणजे स्त्री-पुरुषांची जोडपी, पाहा, आणि डाव्या टोकाचा लेख शोधा, ज्यात वैजयंतीच्या (आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या) भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे शैलगृह जंबुद्वीपात (भारतवर्षात) उत्तम असल्याचे अभिमानाने कोरवून ठेवले आहे. तोवर डोळे कमी उजेडाला सरावतात.

आत गेल्यावर पादत्राणे काढावीत, कोणी सांगो वा न सांगो. इथे आजही बुद्धवंदना होते, आणि ती चालू असेल तर संपेपर्यंत मागे उभे राहावे. मग मध्यभागातून सरळ स्तूपाकडे चालत जाण्याचा मोह आवरून डाव्या बाजूच्या चिंचोळ्या मार्गिकेत वळावे, म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहून प्रदक्षिणा होते. ही वाट केवळ श्रद्धेची नाही, पाहण्याचीही आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ नक्षीदार खांब आहेत. त्यांच्या शिरोभागी मधल्या दालनाकडे तोंड केलेल्या हत्तींवर जोडपी बसलेली आहेत, आणि मागच्या बाजूला, म्हणजे मार्गिकेतूनच नीट दिसतील असे, बहुतांशी घोडे आणि त्यांचे स्वार आहेत. मधूनच चालणाऱ्याला ही मागची रांग कधी कळतच नाही. खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि धेनुकाकट या गावच्या यवनांचीही (ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परकीयांचीही) त्यांत नोंद आहे. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत, नक्षीविना, आणि सकाळी भाजे पाहून आलेल्याला ते लगेच ओळखीचे वाटतात. हा दुवा जुळावा यासाठीही भाजे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रदक्षिणा पूर्ण झाल्यावर दाराजवळ भिंतीला टेकून पंधरा मिनिटे बसावे आणि छताच्या लाकडी वाशांवरून सरकणारा उजेड पाहावा. आवाज घुमतो का हे तपासण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, आणि तसे करून दाखवण्याची हौस असलेल्या वाटाड्याला नम्रपणे थांबवावे.

बाहेर पडताना डाव्या नव्हे, तर उजव्या हाताला सिंहस्तंभ येतो. आत शिरताना तो डावीकडे असल्यामुळे गर्दीत बहुधा निसटून गेलेला असतो. त्याच्या माथ्यावरचे चार सिंह पायथ्याशी उभे राहून दिसत नाहीत, त्यासाठी काही पावले मागे यावे लागते. संध्याकाळी लेणे बंद होण्यापूर्वी एवढे उरकते, आणि उजेड असतानाच पायऱ्या उतरून मळवलीची परतीची लोकल गाठता येते.